दोन कुलपांची शाळा

जून महिन्यात शाळा उघडायच्या दिवशी एस्तेरबाई वायदंडे कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडत व्हरांड्यात आल्या आणि दारापाशीच थबकल्या. हॉलच्या दाराला पितळेचं नवंकोरं कुलूप लटकत होतं. त्यांच्याकडची एकही किल्ली त्याला लागणार नाही, हे नुसतं बघूनच कळत होतं. शेजारच्या तिन्ही खोल्यांनाही तसलीच कुलपं. फाटकातून पोरं यायला लागली होती. ती पायऱ्यांपर्यंत पळत येत आणि बाईंच्या तोंडाकडे बघत तिथंच उभी राहत. एस्तेरबाईंच्या तोंडाकडे फार वेळ बघायची कुणाची छाती नव्हती, पण त्या दिवशी सगळी बघत होती.

चौऱ्याहत्तर सालची ही गोष्ट. तासगावहून सांगलीकडे येताना आत वळलं की बोरजाई लागायचं. तिथली शाळा जिल्हा परिषदेची होती आणि इमारत मिशनची. ही भानगड गावात सगळ्यांना माहीत होती, पण दहा वर्षं तिच्यामुळं कुणाचं काही अडलं नव्हतं.

मिशनच्या गोऱ्या साहेबानं फार पूर्वी माळाचा एक मोठा तुकडा घेतला, त्यावर दगडी हॉल बांधला, मागं चर्च, बाजूला पाळकाचा बंगला, पोरांचं बोर्डिंग आणि पार टोकाला कबरस्थान. सगळं एका सर्व्हे नंबरात. एस्तेरबाई जन्मल्या त्या याच आवारात. त्यांचे वडील हरिबा मिशनच्या विहिरीवर मोट हाकायचे, आई मनुबाई बोर्डिंगच्या पोरांच्या भाकरी थापायची. एस्तेर त्याच हॉलमध्ये शिकली, ट्रेनिंग करून आली आणि त्याच हॉलमध्ये शिकवायला लागली. लग्न केलं नाही. हॉलच्या पाठीमागच्या दोन खोल्यांत आईला घेऊन राहिली.

पुढं मिशनचा परदेशातला पैसा आटला आणि चौसष्ट साली शाळा जिल्हा परिषदेनं घेतली. शिक्षक परिषदेकडे गेले, पोरं गेली, बाकं-फळे गेले. इमारतीचं काय, असं कुणीतरी विचारलं तेव्हा जाणाऱ्या मिसबाई म्हणाल्या, वापरा की. कुणी कागद केला नाही. दोन वर्षांनी पोरं मावेनात तेव्हा गावानं ओढ्यातला दगड गाडीबैलांनी आणून टाकला, मंडळीतल्या, म्हणजे चर्चच्या सभासदांतल्या, अर्जुना आवळे गवंड्यानं भिंती उचलल्या, जिल्हा परिषदेनं लाकूड आणि कौलं दिली, आणि हॉलला लागून तीन खोल्या उभ्या राहिल्या. जमीन मिशनची, दगड गावाचा, कौलं सरकारची. त्या वेळी सगळ्यांनी मिळून पेढे खाल्ले होते.

मग शेवटची मडमीणही गेली. मालमत्ता आपल्याच लोकांच्या ट्रस्टकडे आली. ट्रस्टची कचेरी साताऱ्याला आणि गावातला त्यांचा माणूस म्हणजे पाळक, रेव्हरंड दानिएल शिंगे.

एस्तेरबाई पोरांना पायऱ्यांवरच बसायला सांगून बंगल्याकडे गेल्या. शिंगेसाहेब व्हरांड्यात आरामखुर्चीत चहा पीत होते. उठले नाहीत.

“कुलपं कुणी लावली?”

“विश्वस्तांनी.” त्यांनी कप बशीत ठेवला. “सरकारनं शाळा घेतली, बाई. इमारत घेतली नाही. दहा वर्षं फुकट वापरली, पुष्कळ झालं. चर्चच्या कौलांतून पाणी गळतंय, त्याला पैसा कुठून आणायचा?”

“आणि पोरं कुठं बसवू?”

“ज्यांची शाळा आहे त्यांना विचारा.”

“मी या मंडळीतली आहे, शिंगेसाहेब. माझा बाप्तिस्मा इथं झालाय.”

“म्हणून तर तुमच्या राहत्या खोल्यांना कुलूप लावलं नाही,” पाळक म्हणाले आणि कप परत तोंडाला लावला.

एस्तेरबाई परतल्या. त्यांनी पोरांना चिंचेखाली बसवलं, हजेरी घेतली आणि पहिल्याच दिवशी पाढे म्हणायला लावले. ज्याचा चुकला त्याच्या हातावर छडी बसली. एरवीही बसायचीच. गावात त्यांच्यावर कुणाचा जीव नव्हता. त्यांना घाबरत आणि मुलं त्यांच्याकडंच घालत, कारण त्यांच्या हाताखालचं पोर वाचायला शिकल्याशिवाय सुटत नसे.

दुपारी जीपगाडीचा धुरळा उडवत लालासाहेब आले. लालासाहेब गावचे पाटील, उसाचे बागायतदार आणि जिल्हा परिषदेचे सभासद. बरोबर चारपाच गडी आणि एक लोहार. लालासाहेबही याच हॉलमध्ये शिकलेले, एस्तेरबाईंपेक्षा दोनेक वर्षांनी मागं. हरिबाची पोर आपल्या पोराच्या बाकावर बसवली म्हणून त्यांच्या वडलांनी त्यांना एक वर्ष शाळेतून काढून ठेवलं होतं. साहेब ऐकेना आणि दुसरी शाळा जवळ नव्हती, तेव्हा पुन्हा घातलं. ही गोष्ट दोघांपैकी कुणीच कधी तोंडातून काढली नव्हती.

“काय बाई, तुमच्या पाळकानं झाडाखाली आणलं का सरकारला?” लालासाहेब म्हणाले. “फोड रं कुलूप.”

“पाटील, कुलूप फोडू नका. तहसीलदाराकडं जा.”

“तुमी गप बसा. पगार कुणाचा खाताय?”

लोहारानं चारही कुलपं फोडली. लालासाहेबांनी जिल्हा परिषदेची म्हणून आपल्या घरची कुलपं घातली आणि किल्ल्या स्वतःच्या खिशात टाकल्या. एस्तेरबाईंनी हात पुढं केला, तो तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी मंडळीतल्या पोरांनी प्रत्येक कडीत लालासाहेबांच्या कुलपाशेजारी ट्रस्टचं कुलूप अडकवलं. आता दोन्ही किल्ल्या एकत्र आल्याशिवाय एकही दार उघडणार नव्हतं. त्या संध्याकाळी बंगल्याच्या कौलांवर दगड पडले. सकाळी फौजदार आला, दोन्ही बाजूंना दम दिला आणि कोर्ट सांगेपर्यंत कुणी कशाला हात लावायचा नाही असं बजावून गेला. आठवड्यात ट्रस्टनं सांगलीच्या दिवाणी कोर्टात दावा टाकला आणि कोर्टानं जैसे थेचा हुकूम दिला. त्या आवारात बांधायचं नाही, पाडायचं नाही, खणायचं नाही.

शाळा लालासाहेबांच्या ताब्यातल्या सोसायटीच्या गोदामात गेली. एका बाजूला युरियाची पोती, दुसऱ्या बाजूला सगळे वर्ग. डोळ्यांना चुरचुर व्हायची, पोरं शिंकत. पंधरवड्यानं मंडळीतली पोरं यायची बंद झाली. शिंगेसाहेबांनी चर्चच्या ओट्यावर वेगळा वर्ग सुरू केला होता आणि रविवारी उपासनेनंतर सांगितलं होतं, की जे आपल्या प्रभूच्या घराला दगड मारतात त्यांच्या गोदामात आपली लेकरं पाठवायची का, ते ज्यानं त्यानं ठरवावं. ठरवायला कुणी उरलं नाही. अर्जुना गवंड्यानंसुद्धा नातवंडं काढून घेतली.

म्हणजे एस्तेरबाई राहत मंडळीच्या आवारात आणि शिकवत पाटलाच्या गोदामात. सकाळी फाटकातून बाहेर पडताना मंडळीतल्या बायका विहिरीवरच्या गप्पा थांबवत. गोदामाशी पोचेपर्यंत गावातली माणसं पारावरून ऐकू जाईल इतपत मोठ्यानं बोलत, “आली बग मिशनची हेर.” एका सकाळी फळ्यावर कुणीतरी त्यांच्या बापाच्या जातीचा शब्द लिहून ठेवला होता. त्यांनी तो पुसला नाही. त्याच्याखाली तो शब्द शुद्ध करून लिहिला, वर्गाला तासभर ऱ्हस्वदीर्घ शिकवलं आणि मग पुसला.

घरी आई होती. मनुबाईला आता डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं, पण जिभेला धार होती.

“तू कुनाची हायेस ती एकदा ठरीव बया,” ती म्हणायची. “ह्येंच्यात न्हाईस, त्येंच्यात न्हाईस.”

“मी शाळेची आहे.”

“शाळा काय मरताना पानी पाजनार हाय व्हय तुला?”

एस्तेरबाई आईच्या ताटात भाकरी कुस्करून देत आणि उद्याचे पेपर काढत बसत.

दावा वर्षभर रेंगाळला. तोवर गावात बाकीच्या गोष्टी फुटल्या. रस्त्याकडेचा तुकडा ट्रस्ट तासगावच्या एका बेदाण्याच्या व्यापाऱ्याला विकणार होता, तिथं त्याला गोदाम घालायचं होतं. आणि लालासाहेबांना ती सगळी जागा सरकारी ठरवून घेऊन तिथं वडलांच्या नावाचं हायस्कूल काढायचं होतं. पाटी रंगवायला टाकली होती म्हणे. दोघांच्याही बोलण्यात पोरांचं कल्याण सारखं येत असे, आणि पोरं त्या वेळी युरियाच्या पोत्यांना टेकून शिंकत असत.

पंचाहत्तरच्या दिवाळीनंतर साक्षीचं समन्स आलं. ट्रस्टनं एस्तेरबाईंना आपली साक्षीदार म्हणून बोलावलं होतं. शिंगेसाहेब पहिल्यांदाच त्यांच्या खोलीत आले, खाटेवरच्या मनुबाईची विचारपूस केली आणि स्टुलावर बसले.

“फार काही बोलायचं नाही,” ते म्हणाले. “इमारत मिशनची आहे एवढं सांगायचं. तीन खोल्यांचं काढायचंच नाही. विचारलंच, तर मिशनच्या परवानगीनं, मिशनच्या देखरेखीखाली बांधल्या.”

“दगड गावानं आणला.”

“दगड ओढ्यातला होता. ओढा काय गावानं केलाय?” ते हसले. “बाई, तुमचं अन्न, शिक्षण, कपडा, सगळं या मिशननं केलं. विसरू नका.”

ते गेले आणि दोन दिवसांनी लालासाहेब आले. ते आत आले नाहीत, उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. त्यांच्या घरातलं कुणी या उंबऱ्याच्या आत कधी आलं नव्हतं.

“सगळं गावानं केलं म्हनून सांगायचं,” ते म्हणाले. “हॉलसुदीक. तुमच्या सायबानं पैसा घातला आसंल, पर राबली मानसं गावाची. हायस्कूल झालं की तुमाला हेडबाई करतो. आन् उलटं बोललासा, तर बदलीला जत तालुका लांब न्हाई.”

“पाटील, हायस्कूलला पदवी लागते. माझी नाही.”

“त्ये माज्यावर सोडा.”

“मी काय सांगायचं ते माझ्यावर सोडा.”

लालासाहेबांनी दाराच्या चौकटीवर काठी आपटली आणि निघून गेले.

सांगलीच्या कोर्टात एस्तेरबाई पांढऱ्या सुती पातळात, पदर खांद्यावरून घेऊन पिंजऱ्यात उभ्या राहिल्या. मागच्या बाकांवर एका अंगाला मंडळीतली माणसं, दुसऱ्या अंगाला गावातली. ट्रस्टच्या वकिलानं गोडीनं सुरुवात केली.

“बाई, ही इमारत कुणी बांधली?”

“हॉल विचारताय की खोल्या?”

“इमारत.”

“हॉल मिशननं बांधला. खोल्या गावानं आणि जिल्हा परिषदेनं मिळून बांधल्या.”

वकिलानं कागद उलटला. “जमीन कुणाची?”

“मिशनची.”

“म्हणजे खोल्याही मिशनच्याच झाल्या.”

“तसं होतं की नाही ते कोर्टानं ठरवावं. दगड कुणी आणला ते मी बघितलंय.”

मंडळीच्या बाजूनं कुजबुज उठली. जिल्हा परिषदेचा वकील खुशीत उभा राहिला.

“म्हणजे त्या जागेवर गावाचा हक्क आहे, असं तुमचं म्हणणं?”

“गावानं दगड आणला तो पहिली ते सातवीच्या पोरांसाठी. लालासाहेबांच्या वडलांच्या नावाच्या हायस्कुलासाठी नाही.”

“हायस्कुलाचा या दाव्याशी संबंध नाही.”

“मग ते सांगायला लालासाहेब माझ्या दारात कशाला आले होते? हेडबाई करतो म्हणाले.”

वकील खाली बसला. एस्तेरबाई इथं थांबल्या असत्या तर कदाचित पुढचं थोडं सोपं गेलं असतं. पण दीड वर्षाचा राग त्यांच्या तोंडाशी आला होता आणि तो बाहेर काढताना बरं वाटत होतं, हेही खरं. त्या न्यायाधीशांकडे वळल्या. “आणि साहेब, ट्रस्टला ही जागा शाळेसाठीही नको आणि चर्चसाठीही नको. रस्त्याकडचा तुकडा बेदाणेवाल्याला द्यायचा ठरलाय. तो तिथं मागच्या बाकावर बसलाय.”

“साक्षीदारानं विचारलं तेवढंच बोलावं,” न्यायाधीश म्हणाले.

परतताना दोन्ही बाजूंची माणसं एकाच एसटीत होती, कारण बोरजाईला संध्याकाळची ती एकच गाडी होती. दोघांच्या सीटवर तिघं दाटीवाटीनं बसले, काही उभे राहिले, पण एस्तेरबाईंच्या शेजारची जागा गावापर्यंत मोकळी राहिली. कंडक्टरनं एका उभ्या माणसाला बसायला सांगितलं. तो म्हणाला, “मी ठीक हाय.”

त्या रविवारी प्रभुभोजनाच्या वेळी शिंगेसाहेब भाकर आणि प्याला घेऊन रांगेनं येत होते. एस्तेरबाईंपाशी आले आणि न थांबता पुढच्या बाईकडे गेले. कुणी मान वर केली नाही. पुढच्या आठवड्यात पंचांनी ठराव करून त्यांचं नाव मंडळीतून कमी केलं. गावात लालासाहेबांनी वेगळा ठराव केला नाही, पण दूधवाल्यानं दूध बंद केलं आणि पिठाच्या गिरणीत त्यांचा डबा सगळ्यांत शेवटी दळायला लागला.

शहात्तरच्या मार्चमध्ये एका सकाळी मनुबाई गेली. चहा मागितला, तो यायच्या आत मान टाकली. एस्तेरबाईंनी तिचे डोळे मिटले, हनुवटीला फडकं बांधलं आणि बंगल्यावर गेल्या.

“आई गेली. कबर खणायला माणसं लागतील.”

शिंगेसाहेबांनी डोळे मिटून क्षणभर प्रार्थना केली. मग म्हणाले, “कबरस्थान त्याच सर्व्हे नंबरात आहे. कोर्टाचा हुकूम आहे, खणायचं नाही. वकिलांनी आम्हाला लिहून कळवलंय. आमच्याकडून एक कुदळ पडली तर दावा बिघडेल.”

“माणूस मेलं तर पुरायचं नाही, असं कोर्ट म्हणालं?”

“तुम्हीच विचारा कोर्टाला. तुमचं तिथं चांगलं बोलणं होतं.” पुढं म्हणाले, “तुमचं नाव मंडळीत नाही, पण मनुबाईचं आहे. मी घरी येऊन प्रार्थना करीन. सांगलीच्या दफनभूमीत नेण्याची व्यवस्था करता येईल.”

“माझा बाप इथं आहे. तिला त्याच्याशेजारी ठेवायचंय.”

पाळक उठून आत गेले.

एस्तेरबाई पाटलाच्या वाड्यावर गेल्या. उन्हात, अनवाणी, चपला घालायच्या राहून गेल्या होत्या. लालासाहेब सोप्यावर होते. बाईंना बघून त्यांनी बसायला सांगितलं नाही, पण गड्याला पाणी आणायला सांगितलं. एस्तेरबाईंनी ते घेतलं नाही.

“तुमच्या वकिलानं एक शब्द लिहून दिला, की पुरायला हरकत नाही, तर काम होईल,” त्या म्हणाल्या.

लालासाहेबांनी मान हलवली. “बाई, म्हातारी चांगली व्हती. माज्या मळ्याच्या बांधाला जागा देतो, पायजे तर फरशी घालून देतो. पर तिथं न्हाई. तिथं ट्रस्टचं मानूस पुरलं, की ताबा ट्रस्टचा म्हनून उद्या त्येच पुरावा देतील.”

“ती ट्रस्टचं माणूस नव्हती. ती तुमच्यासाठी पण भाकरी करत होती. तुम्ही शाळेत असताना मधल्या सुट्टीत चोरून खायचात.”

लालासाहेबांचा चेहरा काळा पडला. “आता तुमी जावा,” ते म्हणाले.

एस्तेरबाई घरी आल्या, हरिबाची जुनी कुदळ काढली आणि कबरस्थानात जाऊन बापाच्या कबरीशेजारी खणायला लागल्या. मार्चची जमीन भाजून निघालेली. पहिल्या घावाला कुदळ उसळून आली. हाताला फोड आले तरी जेमतेम वीतभर माती निघाली होती. कुंपणापलीकडे माणसं जमायला लागली. मंडळीतली एका बाजूला, गावातली दुसऱ्या बाजूला. कुणीच आत येईना.

मग अर्जुना आवळे कुंपणाची तार वाकवून आत आला. पन्नाशी उलटलेला, पाठीत वाकलेला. त्यानं कुदळ त्यांच्या हातातून हिसकावून घेतली.

“सरका बाजूला. तुमच्यानं व्हायाचं न्हाई ह्ये.”

“अर्जुनादादा, तुमच्यावर येईल.”

“आधीच आलंय. तुमी साक्षीत खोल्यांचं बोललासा, त्या बांधल्या म्या, आन् त्येच्या रागानं ट्रस्टानं माज्या पोराची चौकीदारी काढली. मी तुमच्याकरता आलो न्हाई.” तो खणत बोलत होता. “बोर्डिंगात मी सा वर्सं मनुआक्कानं थापलेली भाकरी खाल्ली. तवा गप बसा आन् माती वडा.”

त्या माती ओढत राहिल्या. लालासाहेबांचा एक गडी सायकलवरून तासगावला फौजदाराकडे गेला. खड्डा कमरेएवढा झाला तेव्हा मंडळीतल्या चार पोरांनी मनुबाईला खाटेवरून आणलं. खाट खाली ठेवून ती पोरं पुन्हा कुंपणाबाहेर जाऊन उभी राहिली. शिंगेसाहेब कुंपणापाशी होते, हातात काळं पुस्तक, टोपी काढलेली. ते आत येतील म्हणून एस्तेरबाई थोडा वेळ थांबल्या. ते आले नाहीत. तेव्हा त्यांनीच घरातलं स्तोत्रांचं पुस्तक उघडलं आणि वर्गात वाचतात तशा खणखणीत आवाजात वाचलं. शेवटच्या ओळीला आवाज फुटला. अर्जुनानं आमेन म्हटलं, आणि कुंपणाबाहेरूनही तीनचार बायकांचं आमेन ऐकू आलं.

फौजदार आला तोवर मातीचा उंचवटा झाला होता. त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं.

“बाई, आता उकरा तर म्हणता येत नाही,” तो म्हणाला. “पण जबाब द्यावा लागेल.”

जबाब झाला. ट्रस्टनं कोर्टाला कळवलं की हे काम आमचं नव्हे, बाईंनी परस्पर केलं. जिल्हा परिषदेनंही तेच कळवलं. त्या दाव्यात दोन्ही बाजूंचं एकमत झालं ते एवढ्या एकाच गोष्टीवर. कोर्टानं एस्तेरबाईंना ताकीद देऊन सोडलं. मे महिन्यात बदलीचा हुकूम आला, जत तालुक्यातल्या एका वाडीवर. खोल्या रिकाम्या करायची नोटीस ट्रस्टनं त्याच आठवड्यात दाराला चिकटवली. एस्तेरबाईंनी ट्रंक, वळकटी आणि भांड्यांचं पोतं बैलगाडीत टाकलं. निरोपाला कुणी आलं नाही आणि त्यांनीही कुणाचं दार ठोठावलं नाही.

जतकडची माणसं निम्मं कानडी बोलत. पाऊस नाही, बाभळीखेरीज झाड नाही, नुसती कुसळं. शाळेला खोली नव्हती. गावातला मोठा जमीनदार मल्लाप्पा बिराजदार यानं आपली एक पत्र्याची शेड शाळेसाठी दिली होती. माणूस देवभोळा, बोलायला मऊ. तो बाईंना शेड दाखवायला स्वतः घेऊन गेला.

“झाडून घेतलंय बाई. वापरा की निवांत.”

एस्तेरबाई उंबऱ्याबाहेरच थांबल्या. “लिहून द्या.”

“काय?”

“शेड आणि खालची जागा शाळेला दिली, असं तलाठ्यासमोर लिहून द्या. मग पोरं बसवते.”

मल्लाप्पाला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्याच्या मऊ चेहऱ्यावरचं हसू गेलं. “बाई, आमचा शब्द म्हणजे शब्द असतो. आमच्या वडलांनी मठाला जमीन दिली, कुणी कागद मागितला न्हाई.”

“तुमच्या शब्दाबद्दल मी काही म्हणत नाही. तुमच्या मुलाचा शब्द मला ठाऊक नाही.”

“माझ्या मुलाचं नाव काढू नका.”

“मग लिहून द्या.”

तो तडक निघून गेला. तेव्हापासून शाळा बाभळीखाली भरू लागली. गावानं तक्रारी केल्या, की बाई भांडखोर आहे, आयती शेड असून पोरांना उन्हात मारते. साहेब येऊन ओरडून गेले. एस्तेरबाईंनी त्यांनाही तेच सांगितलं. त्यांची छडी बाभळीखालीही चालूच होती, आणि दिवाळीपर्यंत दुसरीतली पोरं धडाधड वाचायला लागली. मल्लाप्पाचा नातूही त्यांत होता.

बोरजाईचा निकाल अठ्ठ्याहत्तर साली लागला. अर्जुनानं नातवाकडून पोस्टकार्ड लिहवून कळवलं. जमीन आणि हॉल ट्रस्टचा. तीन खोल्या जिल्हा परिषदेनं दुसरी इमारत होईपर्यंत वापरायच्या. दोन्ही बाजू अपिलात गेल्या. निकालानंतर आवारात मधोमध भिंत घातली होती. रस्त्याकडच्या तुकड्यावर बेदाण्याचं गोदाम झालं होतं. लालासाहेबांनी हायस्कूल गायरानात काढलं, पाटी तीच. हॉलची एक बाजू गेल्या पावसात बसली, आत कुणी नव्हतं म्हणून बरं. कबरींना कुणी हात लावला नाही. एस्तेरबाईंनी कार्ड दोनदा वाचलं आणि उत्तर लिहिलं नाही.

पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात मल्लाप्पा तलाठ्याला घेऊन बाभळीखाली आला. वर्ग चालू होता. त्यानं कागद टेबलावर ठेवला, अंगठा नव्हे, सही केली, आणि कानडीत काहीतरी पुटपुटला.

“काय म्हणाले?” एस्तेरबाईंनी तलाठ्याला विचारलं.

तलाठी अवघडला. “म्हणाले, असली बाई देवानं दुसरीकडं कुठं पाठवू नये.”

“बरोबर आहे त्यांचं,” एस्तेरबाई म्हणाल्या. त्यांनी कागद ओळ न् ओळ वाचला, जागेच्या चतुःसीमा नीट आहेत का बघितल्या, आणि पोरांना म्हणाल्या, “दप्तरं उचला. आत बसायचंय.”

मल्लाप्पा त्यानंतर त्यांच्याशी कधी बोलला नाही. रस्त्यात समोर आल्या तर वाट बदलायचा. निवृत्त होईपर्यंत त्या तिथंच राहिल्या, एकट्या, आणि त्यांना जेवायला बोलावणारं घर त्या वाडीत नव्हतं.